टोपण मीच घट्ट लावलं होतं

सोमवारी सकाळी लॅबचं दार उघडलं तर घसा धरेल असा वास, आणि कपाटाचं पत्र्याचं दार अर्धवट उघडं. पहिल्यांदा वाटलं मांजर शिरलं असणार, शिरोलीच्या फाउंड्र्यांत मांजरांना काय तोटा, सँड प्लांटच्या मागं सगळा त्यांचाच संसार असतो. मग पायाखाली काच वाजली. बाटलीचा नुसता बूड जागेवर, बाकीची बाटली पार मायक्रोस्कोपच्या टेबलापर्यंत पसरलेली. शनिवारी सेकंड शिफ्टला मीच त्यात अर्धा लिटर नायटल करून ठेवलं होतं, आणि वास येऊ नये म्हणून टोपण मीच घट्ट, अगदी पिळून लावलं होतं.

रविवारी सुट्टी होती म्हणून कुणाला काही झालं नाही. एवढंच. त्यात आमची कसली हुशारी नव्हती.

सुपरवायझर आले, बघितलं, म्हणाले झाडून घ्या, बुधवारी ऑडिट आहे, कुणाला बोलू नका. मी झाडून घेतलं. आणि बोलले पण नाही, आता इतक्या वर्षांनी बोलतेय, कारण परवा एका दुसऱ्या लॅबमध्ये गेले होते तिथं तसंच कपाट, तशीच बाटली, आणि बाटलीवर मार्करनं नुसतं इंग्रजी एन.

ज्यांना नायटल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कोल्हापुरात ही चीज किती ठिकाणी आहे हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं फाउंड्र्या, आणि कास्टिंग कस्टमरला जायच्या आधी त्याचा तुकडा कापून, एमरी पेपरवर घासून, आरशासारखा पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघायचा असतो, ग्राफाईट गोल झालाय का, पर्लाईट किती, फेराईट किती, म्हणजे लोखंडाच्या आतली रचना कशी आहे. नुसत्या पॉलिशवर ग्राफाईट दिसतो, पण पर्लाईट फेराईट दिसायला तुकड्याला हलकासा चावा द्यावा लागतो, म्हणजे एचिंग. तो चावा देणारं पाणी म्हणजे नायटल, म्हणजे स्पिरिटमध्ये नायट्रिक ऍसिड. १०० मिलीला ९७ स्पिरिट आणि ३ ऍसिड, झालं तुमचं ३ टक्के नायटल. कापसाचा बोळा बुडवून चार-पाच सेकंद फिरवायचा, धुवायचं, स्पिरिट मारायचं, आणि लवकर वाळावं म्हणून हेअर ड्रायर लावायचा. होय, हेअर ड्रायर, घरचाच. स्पिरिटचा फ्लॅश पॉईंट १३ डिग्रीच्या आसपास, म्हणजे आपल्याकडं जानेवारीतल्या एखाद्या कडक थंडीच्या पहाटेचा अपवाद सोडला तर बारा महिने चोवीस तास त्याची वाफ ठिणगी मिळाली की पेटायला तयार, आणि आम्ही त्याच्यावर आत लाल तार तापलेला ड्रायर धरतो, शेजारी स्पिरिटची बाटली उघडी. रोज. आणि रोज काही होत नाही, हाच तर सगळा घोळ आहे.

आता एका बाटलीत दोन वेगळे धोके नुसते शेजारी राहतात असं असतं तरी चाललं असतं. तसं नसतंय. नायट्रिक ऍसिड हे साधं भाजणारं ऍसिड नाही, ते ऑक्सिडायझर आहे, म्हणजे दुसऱ्याला जळायला ऑक्सिजन पुरवणारं, आणि स्पिरिट म्हणजे इंधन. दोघं बाटलीत गप्प बसत नाहीत. ऍसिड हळूहळू स्पिरिटला खात राहतं, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साईड तयार होतात, आणि हे ऑक्साईड परत त्याच रिऍक्शनला वेग देतात. म्हणजे बराच वेळ काहीच होत नाही असं दिसतं आणि मग एकदम सुटतं. गॅसला जायला वाट पाहिजे, टोपण पिळून लावलेलं असलं की बाटलीच फुटणार. ऍसिड जितकं जास्त आणि हवा जितकी गरम तितकं हे लवकर. माझ्या त्या बाटलीत नेहमीचं ३ टक्के नव्हतं, एका जॉबची केस डेप्थ, म्हणजे वरचा कडक केलेला थर किती खोल आहे, ते बघायचं होतं म्हणून १० टक्के केलं होतं, एप्रिल महिना, कपाटाच्या भिंतीपलीकडं कोअर ओव्हन, म्हणजे साच्यातले वाळूचे कोअर भाजायची भट्टी. ५ टक्क्यांच्या वरचं नायटल इथेनॉलमध्ये साठवून ठेवायचंच नाही, लागेल तेवढंच करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं, हे मेटॅलोग्राफी शिकवणाऱ्या कुठल्याही चांगल्या पुस्तकात आहे. मी ते बाटली फुटल्यावर वाचलं. बीएस्सी केमिस्ट्री झालेली बाई मी, तीन वर्षं टायट्रेशन करून बोटं पिवळी करून घेतलेली, ऑरगॅनिकच्या पेपरात नायट्रिक ऍसिड अल्कोहोलला ऑक्सिडाईज करतं हे बाणबिण काढून लिहिलेलं, आणि तेच माझ्या कपाटात चाललंय हे डोक्यात आलं नाही. का आलं नाही? कारण पेपरातल्या अल्कोहोलला टोपण नसतं.

मला म्हणायचंय ते इथून पुढं आहे.

नायट्रिक ऍसिड कंपनीकडून आलं तेव्हा त्याच्या बाटलीवर सगळं होतं. लाल चौकटीतली चित्रं, हातावर सांडणारं ऍसिड, आग लागलेलं वर्तुळ, कशापासून लांब ठेवा, डोळ्यात गेलं तर काय करा. स्पिरिटच्या कॅनवर पण होतं. त्या दोघांना मी मिसळलं, आणि जे तयार झालं ते दोघांपेक्षा धोक्याचं, त्याच्यावर लिहिलं फक्त एन. म्हणजे जिथं धोका सुरू होतो तिथं लेबल संपतं. माझं म्हणणं साधं आहे, ज्या मिनिटाला तुम्ही कंपनीच्या बाटलीतून काही दुसऱ्या बाटलीत ओतलं किंवा मिसळलं त्या मिनिटाला तुम्हीच कंपनी झालात. कंपनीवर लेबल लावायची जेवढी जबाबदारी आहे तेवढी आता तुमची. आणि ते लेबल कुणासाठी, तर ती बाटली उद्या जो उचलणार त्याच्यासाठी, म्हणून त्याच्या भाषेत. आपल्याकडं तो उचलणारा म्हणजे हेल्पर, काँट्रॅक्टवरचा, दहावी-बारावीपर्यंत शिकलेला, मराठी वाचणारा, हल्ली बऱ्याच ठिकाणी हिंदी वाचणारा. इंग्रजीत कॉशन फ्लेमेबल लिहून आपण त्याला नाही, ऑडिटरला सांगत असतो.

कायद्याचं बघा, गंमत आहे. स्पिरिट ठेवायचं तर दारूबंदी कायदा, १९४९ चा, एक्साईजचं परमिट, लिटरचा हिशोब. बरोबर आहे, कुणी पिऊ नये. ऍसिडचं बघाल तर २०१३ साली सुप्रीम कोर्टानं लक्ष्मी प्रकरणात, म्हणजे ऍसिडहल्ला झालेल्या लक्ष्मीनं केलेल्या याचिकेत, ऍसिड विक्रीवर बंधनं घातली, विकणाऱ्यानं रजिस्टर ठेवायचं, ओळखपत्र बघायचं, १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही. त्यात कॉलेज, लॅब, हॉस्पिटल यांच्यासाठी पण सांगितलंय, वापराचं रजिस्टर ठेवा, ऍसिडची जबाबदारी एका माणसावर टाका, लॅबमधून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करा. हे पण शंभर टक्के बरोबर, मुलींच्या चेहऱ्यावर ऍसिड पडतं त्या देशात हे व्हायलाच पाहिजे होतं. पण दोन्ही नियमांची नजर दाराकडं आहे, बाहेर काय जातंय इकडं. स्पिरिट एका रजिस्टरला, ऍसिड दुसऱ्या रजिस्टरला, आणि दोन्ही एका बाटलीत गेले की ते कुठल्याच रजिस्टरला नाहीत. स्पिरिटच्या रजिस्टरला लिहिणार वापरलं, ऍसिडच्या रजिस्टरला लिहिणार वापरलं, हिशोब चोख, आणि कपाटात बाटली फुगतेय.

बरं कायदा अगदीच आंधळा होता असं पण नाही. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झालं, त्या रात्री गॅस कसला आहे आणि त्यावर काय करायचं हे ना वस्तीतल्या लोकांना माहीत होतं ना बिचाऱ्या डॉक्टरांना. त्यानंतर १९८७ ला फॅक्टरी ऍक्टमध्ये दुरुस्ती होऊन कामगाराला धोक्याची माहिती देणं मालकावर बंधनकारक केलं, १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचा धोका आणि उपाय सांगणारा कागद, आणि डब्यावर लेबल आलं. आणि फॅक्टरीत लावायच्या नोटिसा इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत असाव्यात हे तर १९४८ पासून त्या कायद्यात लिहिलेलं. म्हणजे मी काही नवीन मागत नाही. भोपाळनंतर जे मोठ्या टाकीसाठी म्हटलं गेलं तेच अर्ध्या लिटरच्या बाटलीपर्यंत आणा म्हणतेय. आज होतं काय, डेटा शीट असते, १६ पानांची, इंग्रजीत, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, फोल्डर ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली जनरल शिफ्टवाल्याकडं. नाईटला डोळ्यात ऍसिड उडालं तर पोरानं काय करायचं, किल्लीवाल्याला फोन?

यावर मला नेहमी तीन उत्तरं मिळतात.

पहिलं, मॅडम, केमिकलची नावं इंग्रजीच असतात, मराठीत कसली लिहिताय, नत्राम्लबित्राम्ल लिहिणार काय. अहो कोण म्हणतंय शासकीय मराठी करा. नायट्रिक ऍसिड देवनागरीत लिहा की. स्पिरिट लिहा. त्याच्या खाली लिहा, पेटतं, भाजतं, टोपण घट्ट लावू नका. कुठल्या तारखेला केलं, किती टक्के, कुणी केलं. मराठीला तेवढं येतं. आपल्या बायका लोणच्याच्या बरणीवर तारीख लिहितात आणि आपण नायटलच्या बाटलीवर लिहीत नाही.

दुसरं उत्तर मालकांचं, की मार्जिन राहिलं नाही, लाईटबिल बघा, स्क्रॅपचे रेट बघा, आणि तुम्ही फ्यूम हूड (वाफ बाहेर ओढणारं कपाट), आयवॉश, व्हेंटेड कॅप (गॅसला वाट असलेलं टोपण) काय काय सांगताय. हे मी उडवून लावत नाही, छोट्या फाउंड्रीचं खरंच कठीण आहे, मी पगार उशिरा झालेला बघितलाय. पण मी ज्या लॅब बघितल्या त्यात बऱ्याच ठिकाणी फ्यूम हूड आहे, कस्टमरच्या आग्रहानं घेतलेला, आणि त्यात जुन्या हीटचे, म्हणजे भट्टीच्या जुन्या ओतींचे, सॅम्पल आणि फायली ठेवल्यात. पैसे आधीच गेलेत, फायली बाहेर काढायला पैसे लागत नाहीत. लेबलला पैसे लागत नाहीत. १० टक्केवालं नायटल अर्ध्या लिटरऐवजी ५० मिली करायला उलट पैसे वाचतात. ड्रायर लांबच्या टेबलावर न्यायला चार पावलं चालावं लागतं. जे खरंच खर्चाचं आहे, म्हणजे डोळे धुवायचा फवारा, त्याच्यात मात्र मी तडजोड मानत नाही, कारण डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं सलग धुवायचं असतं, १५ मिनिटं, घड्याळ लावून, आणि बेसिनच्या नळाखाली डोकं वाकडं करून तुम्ही २ मिनिटं पण टिकत नाही, करून बघा. इचलकरंजीला कापडाच्या प्रोसेसमध्ये कॉस्टिक सोडा वापरतात तिथं तर हे आणखी गरजेचं, लोकांना वाटतं ऍसिड वाईट आणि सोडा आपला साबणासारखा बुळबुळीत, तर तसं नाही, कॉस्टिक डोळ्यात खोल खोल शिरत जातं, सुरुवातीला आग कमी वाटली तरी.

तिसरं उत्तर आपलं खास कोल्हापुरी. काय हुत न्हाई ओ. हे उत्तर मला आवडतं पण आणि त्याची चीड पण येते. आमच्याकडं एक हेल्पर होता, तालमीतला, कान मोडलेले, ऍसिडचा कॅन असा खांद्यावर घेऊन जिना चढायचा जसं काय उसाची मोळी. त्याला म्हटलं अरे हातमोजे तरी घाल, तर म्हणाला मॅडम आमचा हात राकट हाय. ऍसिडला राकट हात आणि मऊ हात कळत नाही. पण त्याची चूक किती म्हणायची, त्याला आम्ही दिलेले मोजे होते सुताचे, शॉपफ्लोअरचे, ते ऍसिड पिऊन हाताला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात बरा. त्याला हे अनुभवानं माहीत होतं, आम्हाला शिकून माहीत नव्हतं. म्हणून कामगार ऐकत नाहीत असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, काय दिलंय त्यांना ऐकायला.

हुपरीत चांदीच्या कामात, गुजरीच्या मागच्या बोळांत नायट्रिक जुनंच आहे, तिथं धातूवर ऍसिड पडलं की तांबूस-तपकिरी धूर निघतो. त्या धुराबद्दल एक गोष्ट सगळ्यांना माहीत पाहिजे आणि नाही, की तो छातीत गेला तर माणूस थोडा खोकतो, बाहेर येतो, चहा पितो, बरं वाटतं, घरी जातो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. रात्री दवाखान्यात नेलं तर घरचे सांगणार छातीत दुखतंय, सकाळचा धूर कुणाला आठवत पण नाही. हे एक वाक्य त्या बाटलीवर असलं, धूर गेला तर बरं वाटलं तरी डॉक्टरकडं जा, तर तेवढ्यानं माणूस वाचू शकतो.

कॉलेजांचं वेगळं दुखणं आहे. कोल्हापूर म्हणजे कॉलेजांचं गाव, राजाराम कॉलेज १८८० चं, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, इथून दरवर्षी केमिस्ट्री शिकून पोरं बाहेर पडतात आणि बरीचशी आमच्याच फाउंड्री, साखर कारखाने, डिस्टिलरीच्या लॅबला लागतात. त्यांना आपण शिकवतो ऍसिड पाण्यात घालावं, पाणी ऍसिडात घालू नये, आणि हे प्रत्येकाला झोपेत पण येतं. पण नायटल करताना ऍसिड स्पिरिटात थेंबथेंब घालायचं, स्पिरिट ऍसिडात कधीच नाही, हे कुणी विचारलं तर दहातली आठ पोरं गप्प. वेस्टच्या बाटलीबद्दल तर कुणीच बोलत नाही. प्रॅक्टिकल संपलं की सगळं बेसिनमध्ये किंवा एकाच वेस्ट कॅनमध्ये, ऍसिटोन पण त्यात, नायट्रिक पण त्यात, वर बूच. जगभरच्या लॅबमध्ये बाटल्या फुटायचं हे एक नेहमीचं कारण आहे, आणि आपल्याकडं ते जर्नलमध्ये एका ओळीनं पण येत नाही. रिऍक्शन शिकवतो, बाटली शिकवत नाही. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ५ मार्क फक्त याला ठेवा, पोराच्या हातात कोरा स्टिकर द्या आणि म्हणा तू आता जे केलंस त्याचं लेबल लिही, शिपाईमामांना कळेल असं. शिपाईमामा वाचून सांगतील बाटलीत काय आहे आणि काय करायचं नाही. कळलं तर मार्क. मामांनाच एक्झामिनर करा, मी गमतीनं म्हणत नाही, लॅबमध्ये रोज बाटल्या तेच उचलतात.

आणि जुन्या लॅबवाल्यांना हात जोडून एक, कपाटाच्या मागच्या रांगेत पिक्रिक ऍसिडची बाटली असेल, पिवळी, कधी काळी पिक्रल, म्हणजे नायटलसारखंच एचिंगचं दुसरं पाणी, करायला आणलेली, तर ती उघडून बघू नका. ओलं असेपर्यंत ठीक, वाळलं की ते स्फोटक होतं, टोपणाच्या आट्यात वाळलेले खडे असतील तर नुसतं फिरवलेलं पण पुरतं. हलवू नका, सगळ्यांना लांब ठेवा आणि जाणकाराला बोलवा. हे सांगायला मला वैचारिक लेख कशाला पाहिजे होता माहीत नाही, पण सांगून टाकलं.

तर माझी मागणी सरकारकडं नवीन कायद्याची नाही, इन्स्पेक्टर वाढवा तर सगळेच म्हणतात. मागणी कस्टमरकडं आहे, जे पुण्या-चेन्नईहून गाडी करून ऑडिटला येतात आणि ज्यांच्यापुढं आमचे मालक उभे राहतात. तुम्ही फोल्डर मागता ना, तो मागू नका एक दिवस. लॅबमध्ये या, कुठलीही एक बाटली उचला जी कंपनीची नाही, आमच्याच कुणीतरी भरलेली आहे, आणि नाईटच्या हेल्परला बोलवून विचारा यात काय आहे. त्याला सांगता आलं तर पुढं चला. नाही आलं तर तिथंच मेजर, म्हणजे ऑडिटमधली मोठी चूक, काढा. पुढच्या ऑडिटपर्यंत शिरोलीतली बाटली अन् बाटली बोलायला लागेल, मी आमच्या लोकांना ओळखते, ऑर्डर जाणार म्हटल्यावर रात्रीत कामं होतात.

मी आता जिथं आहे तिथं हे सुरू केलंय. आमच्या हेल्परनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, मी फक्त टक्के आणि तारीख घालते. नायटल ३ टक्के. पेटतंय, भाजतंय. झाकण ढिलं ठेवा. शनिवारी उरलं तर मॅडमला सांगा. 'ठेवा'खाली दोन रेघा ओढल्यात, त्यानंच. मागच्या महिन्यात ऑडिटर आला, त्यानं बाटली उचलली, फिरवून बघितली, मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलणार. म्हणाला हँडरिटन लेबल चालत नाही, फॉरमॅट नंबर कुठाय, आणि इंग्लिशमध्ये करून घ्या. ऑब्झर्व्हेशन लिहून गेला. आम्ही इंग्रजीचं छापील लेबल केलंय, फॉरमॅट नंबर घालून, ते बाटलीच्या मागच्या बाजूला लावलंय.